परीक्षा होईस्तोवर

११ नोव्हेंबर १९५१

ही डायरी पिराजीमामानं दिली. तो इथं कोल्हापुरात कोर्टात पट्टेवाला आहे. कुणा वकिलाची गेल्या सालची डायरी कोरीच पडून होती, ती मागून आणली म्हणाला. छापलेल्या तारखांवर रेघ मारून मी आजच्या तारखा घालणार.

आम्हाला शिकवणाऱ्या आणि वसतिगृह सांभाळणाऱ्या पद्मजाबाईंनी दिलेली वही वेगळी. ती शब्दांची. रोज गोष्टीच्या पुस्तकाची चार पानं वाचायची, अडलेले पाच शब्द काढायचे, बाईंना अर्थ विचारायचा आणि प्रत्येकाचं एकेक वाक्य करायचं. ती वही बाई रोज संध्याकाळी तपासतात. ही डायरी कुणी तपासायची नाही.

झालं असं, की चाचणीत निबंधाला मला चाळीसात सात गुण पडले. बाई म्हणाल्या, "ताना, तुझ्याकडं सांगायला पुष्कळ आहे, पण शब्द नाहीत." मग कपाटातनं हे पुस्तक काढून दिलं. कुमार-कुमारींसाठी लिहिलेली कादंबरी आहे. पुठ्ठा आणि पहिली पानं गेलीत, त्यामुळं नाव कळत नाही. मी एकवीस वर्षांची, एका पोरीची आई, आणि वाचायचं कुमारींचं पुस्तक. खरं सांगायचं तर तेही जड जातंय.

१४ नोव्हेंबर

वेणू नावाची पंधरा वर्षांची मुलगी आहे. तिचा बाप लोकांना होडीतनं खाडीपलीकडं पोचवायचा. एक दिवस तो परत आलाच नाही. आता वेणू धाकट्या भावाला, सदूला, बरोबर घेऊन होडी चालवते. गावातली माणसं तिला हसतात.

आजचे शब्द: खाडी, भरती, ओहोटी, शीड, सुकाणू. पाचही पाण्याचे. मी समुद्र बघितलेला नाही. स्वयंपाकाच्या अंबूबाईंनी बघितलाय. कसा असतो विचारलं तर म्हणाल्या, "रंकाळा हाय न्हवं, तसाच. फकस्त पलीकडं काय न्हाई."

माझं थोडं लिहून ठेवते, उद्या मीच विसरायची. मी चौथी शिकलेली. लग्न होऊन गडहिंग्लजच्या पलीकडं, कानडी मुलखाच्या कडेला गेले. दोन वर्षांमागं विहीर खोदताना दरड ढासळली आणि आमचे मालक, ज्ञानू, खालीच राहिले. मग मामानं मला या वसतिगृहात आणून सोडलं. इथं आम्ही अकरा जणी आहोत, कुणी विधवा, कुणी टाकलेली. मराठी फायनल पास झालं की शिकवायला स्कूल बोर्डाची शाळा मिळते आणि राहायला खोली. खोली मिळाली की चिमीला, माझ्या चिमणाला, आणायचं. ती चार वर्षांची आहे. इथं पोरं ठेवू देत नाहीत म्हणून सासूपाशी ठेवलीय. म्हणजे ठेवली असं नाही. त्यांनीच सोडली नाही. "ज्ञानूची येवढी एकच खूण हाय, ती न्हाई मी कुटं दिनार," म्हणाल्या.

२ डिसेंबर

आज बाईंनी वर्गात सगळ्यांसमोर टोकलं. 'मी जातो' नाही, 'मी जाते' म्हणायचं. आमच्याकडं बायाबी 'जातो, येतो'च म्हणतात. मी तसं सांगितलं. बाई म्हणाल्या, घरी म्हण, शाळेत चालणार नाही. दिवसभर तोंडातनं शब्द काढायच्या आधी थांबत होते. 'बायाबी' आता लिहून गेले, ते 'बायकासुद्धा' असं पाहिजे होतं.

शब्द: मुभा, दुरावा, अगतिक, खिन्न. पाचवा विसरले.

दुपारी दिराचं, बाळासोंचं, कार्ड आलं. आत्याबाईंचं म्हणजे माझ्या सासूचं काही खरं नाही, तोंड बघायचं असलं तर ये, असं. बाईंनी दोन दिवसांची मुभा दिली. उद्या पहाटेच्या एस.टी.नं जाणार.

६ डिसेंबर

आत्याबाई गुऱ्हाळावर चुलवणात जाळाला पाचट घालत होत्या. धडधाकट. मला बघून त्यांनी मान दुसरीकडं वळवली. बाळासोंनी सरळच सांगितलं, माणसं मिळत नाहीत, ऊस वाळतोय, आलीस ते बरं झालं. दोन दिवस मी मोळ्या उचलल्या. हातावर अजून चिरा आहेत, लेखणी धरली की झोंबतं.

चिमी मोठी झालीय. पहिल्यांदा लांबनं बघत राहिली. मग एकदा कडेवर आली ती उतरेचना. जेवतानासुद्धा मांडीवर. निघताना मला वाटलं रडेल, पण रडली नाही. एवढंच विचारलं, "आव्वा, उद्या येतीस?"

मी व्हय म्हणाले.

गणिताची चाचणी बुडाली.

३० डिसेंबर

वेणू वादळात सापडली. सदूला तिनं डोलकाठीला बांधलं, आणि स्वतः सुकाणू धरून बसली. वाचताना माझी बोटं पुस्तकाला चिकटल्यासारखी झाली होती. शब्द काढायचे राहूनच गेले. बाई रागावतील वाटलं, पण म्हणाल्या, "आज शब्द नसले तरी चालतील. पुस्तक आवडलं ना, बस."

बाई कडक आहेत. पण हसल्या की दुसऱ्याच कुणी वाटतात. अंबूबाई सांगत होत्या, बाई नवव्या वर्षी विधवा झाल्या. शिकायच्या आधी त्यांना डोक्यावर केस राखायला भांडावं लागलं. त्यांना मूल नाही.

१९ जानेवारी १९५२

परवा बाळासोंचं आणखी एक कार्ड आलं. चिमी माळ्यावरनं पडली, पाय मोडला, ये. दोन दिवस मला अन्न गेलं नाही. पुस्तक उघडलं की अक्षरं हलत होती. बाईंनी मामाला बोलावलं. मामानं कोर्टातनं रजा काढली आणि जाऊन आला. आत्ताच येऊन सांगून गेला. चिमी अंगणात कोंबडीमागं पळत होती. पाय ठणठणीत. बाळासो म्हणाले म्हणे, शिकून काय मामलेदारीण हुनार हाय का ती, घर सोडून बसलीया.

मला रडू आलं नाही. मला एवढा राग कधीच आला नव्हता.

२० जानेवारी

आजचे शब्द: निक्षून, प्रतारणा, साशंक, कावा, ठाम.

मी बाईंच्या खोलीत गेले. म्हणाले, आजपासून परीक्षा होईस्तोवर माझं कुठलंही पत्र आलं तर ते मला देऊ नका. तुम्हीच ठेवा. बाई म्हणाल्या, "ताना, नीट विचार केलास का? पोर तिकडं आहे तुझी."

"केला," म्हणाले. "तिकडनं आलेलं सगळं खोटंच असतंय. मी परत गेले तर ते मला सोडत न्हाईत. मग चिमी बी न्हाई आणि शाळा बी न्हाई."

बाईंनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

वहीत वाक्य केलं: मी बाईंना निक्षून सांगितले. बाईंनी शेजारी 'छान' असा शेरा दिला. नवा शब्द बरोबर जागी बसला की आत काहीतरी टकदिशी लागतं, दाराला कडी लागल्यासारखं.

९ फेब्रुवारी

शुद्धलेखनात पन्नास शब्दांत फक्त तीन चुका. हुरूप हा शब्द आधी पुस्तकात वाचला होता, आज तो काय असतो ते कळलं.

पुस्तकात आता सदू मोठा झालाय. होडी वल्हवायला लागलाय. गावातली हसणारी माणसं आता वेणूच्याच होडीत बसतात. मी अंबूबाईंना रोजचा भाग सांगते. त्या भाकरी थापता थापता ऐकतात. "त्या पोराचं लगीन करा म्हनावं आता," म्हणाल्या. मी म्हटलं अहो तो आठ वर्षांचा आहे.

२२ फेब्रुवारी

पत्र येत नाही याचं बरं वाटतं. सवय झाली. पहिले आठ दिवस पोस्टमन दारात आला की हातातलं टाकून बघत राहायचे. आता मान वर करत नाही.

भूगोल राहिलाय. महाराष्ट्रातल्या नद्या पाठ झाल्या, घाट पाठ होत नाहीत.

५ मार्च

आज एक गंमत झाली. मी बाईंकडं वही घेऊन गेले होते. वही बघून झाली, मी उठणार, तोच बाईंनी विचारलं, "तुझ्या चिमीला गोवर येऊन गेलाय का गं?"

म्हटलं, नाही अजून. येईल की. सगळ्यांनाच येतो.

"हो," बाई म्हणाल्या. "सगळ्यांना येतो." मग म्हणाल्या, "तुला आला होता?" मी म्हटलं, आला होता, आईनं कडुलिंबाचा पाला टाकून निजवलं होतं, पाच दिवसांनी खेळायला गेले. बाईंनी मान हलवली. त्यांना एकदम बरं वाटल्यासारखं दिसलं. त्यांच्या बहिणीच्या नातवंडाला आला असेल गोवर. मी विचारलं नाही.

८ मार्च

आजचा दिवस लिहून ठेवला पाहिजे. निबंधाला चाळीसात सत्तावीस. विषय होता 'माझे स्वप्न'. मी लिहिलं की शाळेच्या मागं एक खोली आहे, सकाळी मी फळ्यावर तारीख लिहितेय आणि चिमी पहिल्या ओळीत बसून पाटी चाटून पुसतेय. बाईंनी तो सगळ्यांना वाचून दाखवला. पाटी चाटतेय तिथं सगळ्या हसल्या. बाई मात्र मधेच थांबल्या, पाणी प्यायल्या, मग पुढचं वाचलं.

आज शनिवार, शाळा सकाळची. दुपारभर आम्ही चौघीजणी अंगणात बसून चिंचा फोडत होतो. मी गाणं म्हटलं. मला गाणं येतं हे इथं कुणालाच माहीत नव्हतं. मिलचा भोंगा झाला तरी उठलो नाही. आजचा शब्द एकच लिहिते, कृतार्थ.

१३ मार्च

काल बाई वर्गावर आल्या नाहीत. डोकं दुखत होतं म्हणे. आज आल्या तर डोळे सुजलेले. मी पुस्तक घेऊन गेले, चौदावा भाग उघडला होता, 'सदूचा ताप' असं नाव आहे. बाईंनी पुस्तक मिटलं आणि कपाटात ठेवून कुलूप घातलं. "पुरे आता शब्द. व्याकरण कर. पंधरा दिवस राहिलेत."

मला वाईट वाटलं. वेणूचं आता कुठं चांगलं चाललं होतं. पण बाई म्हणतात ते बरोबर असेल.

अंबूबाईंनी जेवताना माझ्या आमटीत तुपाची धार सोडली. इतरांना नाही.

१६ मार्च

मामा आला होता. नेहमी येताना चुरमुरे आणतो, आज गूळ आणि शेंगा घेऊन आला. मी म्हटलं, मामा, चिमीची काही बातमी? त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणाला, "हाय. आपल्या जागी हाय." आणि डोळे पुसले. स्वयंपाकघरातला धूर गेला म्हणाला. आम्ही बसलो होतो पुढच्या सोप्यात. तिथं धूर कुठला येतोय. मामा थकलाय. मामीचं दुखणं बरं नाही, त्याचा त्याला घोर असणार.

निघताना त्यानं माझ्या डोक्यावर हात ठेवला. कधी ठेवत नाही.

जुन्या शब्दांची उजळणी करतेय. अनभिज्ञ, म्हणजे ज्याला माहीत नाही असा. वाक्य: मी भूगोलाबाबत अनभिज्ञ आहे. घाट अजून पाठ झाले नाहीत.

२४ मार्च

सगळ्या माझ्याशी फार चांगलं वागतात. माझी धुणी कुणीतरी धुऊन टाकतं. मी खोलीत शिरले की बोलणं थांबतं. काल आमच्यातली नंदिनी माझ्याकडं बघून एकदम रडायला लागली आणि पळून गेली. मला कळलं काय झालंय ते. यांना वाटतंय मी नापास होणार. बाईंनीच सांगितलं असणार.

मी सरळ जाऊन विचारलं. बाई, मी नापास होईन असं तुम्हाला वाटतंय का? असेल तर आत्ताच सांगा.

बाईंनी लेखणी खाली ठेवली. म्हणाल्या, "तू पास होशील. तुला पास व्हायलाच पाहिजे, ताना. आता दुसरं काही नाही."

तरी मी साशंक आहे.

३१ मार्च

पहिला पेपर मराठीचा. निबंधात 'उपसा नसलेली विहीर' की 'माझा गाव'. मी विहीर घेतली नाही. गाव घेतला. पुस्तकातले एकवीस शब्द वापरले, बाहेर आल्यावर बोटांवर मोजले.

२ एप्रिल

उद्या शेवटचा पेपर, भूगोल. घाट पाठ आहेत. परवा पहाटेची एस.टी. ट्रंक भरून ठेवलीय. चार महिने झाले. चिमी ओळखेल का मला? ओळखेल. 'उद्या' म्हटलं होतं, म्हणून रुसून बसेल, तेवढंच.

१२ एप्रिल. गाव

आठ-नऊ दिवस लिहिलं नाही. आज लिहिते, कारण लिहिलं नाही तर डोक्यात तेच तेच फिरत राहतंय.

तीन तारखेला भूगोल देऊन आले. बाईंनी खोलीत बोलावलं. मामा आधीच बाकावर बसला होता. मला वाटलं, मला गावी पोचवायला आलाय. बाई उभ्याच होत्या. टेबलावर दोन कार्डं होती. त्यातलं एक त्यांनी माझ्या हातात दिलं.

बाळासोंचं अक्षर. 'चि. चिमणास गोवर निघाला आहे. ताप पुष्कळ. सारखी आव्वा आव्वा करते. आई म्हणते तानीस बोलवा. तरी पत्रदेखत निघून यावे.'

मी हसले. हे लिहायलाच पाहिजे. मी हसले आणि म्हणाले, "बघा. मी म्हटलं होतं का न्हाई? पुन्हा तेच सुरू केलं यांनी."

मामा ओक्साबोक्शी रडायला लागला. बाईंनी दुसरं कार्ड पुढं सरकवलं, पण हात कार्डावरच ठेवला. मी तो हात बाजूला केला. 'शनिवारी दिवस मावळायच्या आत चि. चिमणा देवाघरी गेली. तानीस कळवावे.' एवढंच.

त्यातला एकही शब्द अडला नाही.

मग काय झालं ते मला नीट आठवत नाही. अंबूबाईंनी मला धरलं होतं. मामानं इकडं आणलं.

आत्याबाई मला रागावल्या नाहीत. दारात आले तर हात धरून आत नेलं आणि पाणी दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकाठी घेऊन गेल्या आणि करंजाच्या झाडाखाली जागा दाखवली. वर दगड रचलेत, कोल्ह्याकुत्र्यानं उकरू नये म्हणून. तिथंच बसून त्यांनी सांगितलं. गोवर चांगला बाहेर पडला होता. चौथ्या दिवशी एकाएकी आत गेला, अंग काळं पडलं, छातीत धाप लागली. गडहिंग्लजला डॉक्टरकडं न्यायला गाडी जुंपली, ती अर्ध्या वाटेत परत फिरवली.

मग त्यांनी विचारलं, "कागूद गावला व्हता न्हवं तुला?"

मला खोटं बोलता आलं असतं. बाईंनी ठेवून घेतला म्हटलं असतं तर ते खोटंही झालं नसतं.

मी म्हणाले, "आला व्हता. मला दिला न्हाई. मीच सांगितलं व्हतं, देऊ नका म्हणून."

आत्याबाईंनी सरकलेला एक दगड नीट बसवला. म्हणाल्या, "पयलं दोन कागूद खोटं व्हतं. बाळाच्या मनात व्हतंच, पर लिव म्हनून मीच सांगिटलो. पोरगी दारात बसून वाट बघायची तुजी. मला बगवंना." डोळे पुसायलाही त्यांनी पदर उचलला नाही. "तिसरा खरा व्हता."

ऊन डोक्यावर आलं तेव्हा त्या म्हणाल्या, चल, भाकरी करायची हाय.

१३ एप्रिल

बाळासोंना विचारलं, शनिवार म्हणजे कुठली तारीख? त्यांनी बोटं मोजून सांगितलं, आठ. मी ही डायरी मागं उलटली. आठ तारखेला मी काय केलं ते लिहिलेलं आहे. ते पान फाडावंसं वाटलं. फाडलं नाही. त्या पानावर सगळं खरंच लिहिलंय.

२ मे

ट्रंक आणि दाखला आणायला कोल्हापूरला गेले. वसतिगृहात सुट्टी, सगळ्या गेलेल्या. बाई एकट्या होत्या. वाळल्या आहेत. मला बसायला सांगितलं, मी बसले नाही.

त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. पहिलं कार्ड आलं तेव्हा त्यांनी ते खोटं धरलं. मग एक दिवस गेला आणि वाटलं, खरं असलं तर? म्हणून मला विचारलं, गोवर येऊन गेलाय का. "तू म्हणालीस, सगळ्यांनाच येतो. मला तेच ऐकायचं होतं, ताना. तू आता कुठं वर यायला लागली होतीस. तुला त्या एस.टी.त बसवायला माझं मन होईना." दुसरं कार्ड आलं तेव्हा सांगून काही उपयोग उरला नव्हता, निदान परीक्षा तरी हातची जाऊ नये, असं त्यांनी ठरवलं. मामाच्या पाया पडून त्याला गप्प बसवलं.

"मला शिव्या दे," म्हणाल्या. "काहीतरी बोल."

एवढे शब्द त्यांनी मला शिकवले. त्यातला एकही तोंडात येईना. शेवटी आपसूक आमचंच बोलणं आलं. मी म्हणाले, "बाई, तुमच्या जागी मी असतो तर मी बी कागूद ठेवूनच घेतला असता. मला ते पक्कं ठावं हाय. म्हणून तर मला तुमच्याकडं बघवंना."

त्यांनी कपाट उघडून ते पुस्तक काढलं. घेऊन जा, पूर्ण कर, म्हणाल्या. मी नको म्हटलं. सदूचं पुढं काय झालं ते मला समजून घ्यायचं नाही.

"मी जातो," म्हणाले. बाईंनी चूक काढली नाही. फाटकापर्यंत आल्या. मी मागं वळून त्यांच्या पाया पडले. का पडले ते मला माहीत नाही. क्षमा केली म्हणून नाही.

२९ मे

मामा निकाल घेऊन आला. पास. मराठीत एकसष्ट. बाळासो उठून बैलांना वैरण टाकायला गेले.

९ जून

परवा स्कूल बोर्डाचा हुकूम आला. हातकणंगल्याच्या पुढं तीन मैलांवरचं गाव, पहिली-दुसरीचा वर्ग. देवळाच्या मागं खोली आहे.

मला जायचं नव्हतं. दोन दिवस हुकूम कोनाड्यात पडून होता. ज्याच्यासाठी हे सगळं केलं तेच राहिलं नाही, मग आता दुसऱ्यांची पोरं घेऊन मी काय करू? आत्याबाईंना म्हटलं, मी इथंच राहते, मोळ्या उचलते.

त्यांनी ऐकून घेतलं. संध्याकाळी बघते तर त्यांनी आपलं लुगडं, तांब्या आणि काठवट गाठोड्यात बांधलीय. बाळासोंनी विचारलं, हे काय. त्या म्हणाल्या, "हिला तितं भाकरी कोन थापनार? मी जातो हिच्यासंगं." बाळासो चिडले, लोकं काय म्हणतील म्हणाले. आत्याबाईंनी त्यांच्याकडं न बघता गाठ आवळली. चिमी गेल्यापासून त्या घरात कुणाशी धड बोलत नव्हत्या, हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी माझ्यातच होते.

१६ जून

परवा इथं आलो. एस.टी.नं कोल्हापूर, तिथनं रेल्वेनं हातकणंगले, तिथनं बैलगाडी. आत्याबाई पहिल्यांदाच रेल्वेत बसल्या. सबंध वाटेत गाठोडं मांडीवर घेऊन बसल्या होत्या, खाली ठेवा म्हटलं तरी ठेवलं नाही.

खोली बरी आहे. पुढं कट्टा, मागं आड. आज शाळेचा पहिला दिवस. अठ्ठावीस पोरं आली, त्यात पोरी चार. हजेरी घेताना पहिल्या ओळीकडं बघायचं मी टाळलं. पण टाळून किती टाळणार? सगळ्यात लहान पोरं तिथंच बसतात. दुपारपर्यंत बघायला लागलेच.

शाळा सुटल्यावर गावातल्या बाया नवी बाई बघायला आल्या. पाटलांच्या घरच्या तानूबाय म्हणून आहेत, त्या पुढं होत्या. कट्ट्यावर ऐसपैस बसल्या. गाव कुठलं, आडनाव काय, मालक काय करतात, सगळं विचारून घेतलं. मालक नाहीत म्हटल्यावर हळहळल्या. माझ्या नावाशी त्यांचं नाव जुळतं म्हणून त्यांना आनंद झाला.

मग त्यांनी विचारलं, "आणि लेकरं किती, बाई?"

हे कुणीतरी विचारणार हे मला कळायला पाहिजे होतं. सगळ्यांना विचारतात.

आत्याबाई उंबऱ्यात तांदूळ निवडत होत्या. सूप खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "एक पोरगी हाय. चार वर्साची."

"मग आणा की हिकडं. आईच शिकीवनार म्हंटल्यावर काय, बसंल की शाळंत."

आत्याबाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. "आणायची हाय," म्हणाल्या. सूप बाजूला ठेवलं, घागर उचलली आणि मागच्या दारानं आडावर गेल्या. पाणी सकाळीच भरून झालं होतं.